नावडत्या मोटारींचा गोतावळा

मोटारींच्या राज्यातही आवडती आणि नावडती असा भेद असतोच. आवडतीने लिटरला सहा किलोमीटर दिले तरी तो तिचा रुबाब ठरतो. नावडतीचे मीठ अळणी. ती रस्त्यात बंद पडली की लोक हसतात, आणि बंद पडली नाही तर 'अजून चालते कशी?' म्हणून हसतात. अशा नावडत्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती, त्यातही सुट्या भागांची किट्स जमवून ती घरी बसून जोडण्याचा नाद मला आहे. संग्रह फार मोठा नाही. लोखंडी कपाटाचे दोन कप्पे भरतील एवढाच. पण त्यात फेरारी नाही, मस्टँग नाही, रोल्स-रॉईस नाही. जिला बाजाराने नाकारले, तिलाच त्या कपाटात जागा.

जालन्यात हा नाद चारचौघांत सांगायला थोडा धीर लागतो. इथे सकाळी मोंढ्यात सरकीचा भाव विचारतात, दुपारी सळईचा, आणि हंगाम असेल तर संध्याकाळी मोसंबीचा. बँकेतून निवृत्त झालेल्या, चार कादंबऱ्या लिहून बसलेल्या माणसाने प्लॅस्टिकच्या मोटारी जोडाव्यात, आणि त्याही न खपलेल्या, याचा भाव कुणी विचारावा? आमच्या घरात तर या छंदाला 'भंगार खाते' असे अधिकृत नाव आहे.

ज्यांनी असे किट कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खोक्यात तयार मोटार नसतेच. असतात त्या प्लॅस्टिकच्या जाळ्या, आणि प्रत्येक जाळीला कैऱ्यांसारखे लटकलेले बारीक भाग: दारे, बंपर, सीट, स्टिअरिंग, कधी पेनाच्या टोकाएवढा गिअरचा दांडा. ते कटरने सोडवायचे, कानशीने आणि पॉलिश पेपरने घासायचे, कागदावरच्या आकृतीप्रमाणे चिकटवायचे, मग रंगवायचे. अमेरिकन किट्स बहुधा मूळ गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाची. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीच्या जुन्या मोटारी बत्तिसाव्या हिश्शाच्या. ओतीव धातूच्या तयार गाड्या बऱ्याचशा त्रेचाळिसाव्या हिश्शाच्या असतात. हा त्रेचाळीसचा विचित्र आकडा खेळण्यातल्या आगगाडीच्या 'ओ' गेजवरून आला. रुळाशेजारी उभी केलेली मोटार डब्यापेक्षा मोठी दिसू नये, एवढाच त्यामागचा हिशेब.

आता बँकवाल्याच्या नजरेने यातली गंमत पाहा. दुर्मीळ वस्तू महाग असते असे आपण धरून चालतो. पण दुर्मीळ असणे निराळे आणि हवीशी असणे निराळे. किट काढायचे म्हणजे आधी पोलादाची डाय बनवावी लागते आणि डायचा खर्च प्रचंड. म्हणून कंपन्या हमखास खपणाऱ्या गाडीचीच डाय करतात आणि तिच्यावर वर्षानुवर्षे माल काढतात. मस्टँगची किट्स लाखांनी निघतात, तरी त्यांना गिऱ्हाईक असते. नावडत्या गाडीचे किट कुणी धाडसाने काढलेच तर थोडे निघते, दुकानात धूळ खाते आणि मग पडेल भावाला जाते. माल थोडा, मागणी त्याहून थोडी. त्यामुळे जगात उरलेले शेवटचे शे-दोनशे नग एखाद्या सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत हाताला लागू शकतात. माझे पहिले किट असेच मिळाले. १९८९ साली बँकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो होतो. फोर्टातल्या फुटपाथवर एका रद्दीवाल्याकडे फाटक्या झाकणाचे खोके पडले होते. आत एअरफिक्सची मॉरिस मरिना. पस्तीस रुपये सांगितले, पंचवीसला सौदा झाला. मरिना ही इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकात लाखोंनी खपलेली गाडी, पण आज तिथे तिचे नाव काढले की हसू फुटते. म्हणजे खप आणि लौकिक यांचाही एकमेकांशी संबंध असतोच असे नाही.

नावडतीचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे फोर्ड कंपनीची एडसेल. हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल १९४३ मध्ये वारला होता. त्याचे नाव दिलेली ही गाडी ४ सप्टेंबर १९५७ रोजी मोठा गाजावाजा करून बाजारात आली आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये गुंडाळली गेली. तोटा पंचवीस कोटी डॉलरचा, असे तेव्हापासून सांगितले जाते. समोरची उभी जाळी पाहून लोक तिला घोड्याच्या गळ्यातले जोखड म्हणत. खरे तर गाडी इतकी वाईट नव्हती. तिचा गाजावाजा फार झाला, किमती घोळात टाकणाऱ्या होत्या आणि नेमकी त्याच वेळी अमेरिकेत मंदी आली. कर्जाची प्रकरणे हाताळलेल्या माणसाला हे नवीन नाही. चांगला धंदा चुकीच्या वर्षी सुरू झाला की बुडतो आणि लोक धंदेवाल्याच्या अकलेला नावे ठेवतात. एडसेलचे किट माझ्याकडे आहे, ए.एम.टी. कंपनीचे. अजून जोडलेले नाही. ती उभी जाळी नीट रंगवायला हात स्थिर हवा आणि सध्या तो सकाळी दहापर्यंतच स्थिर असतो.

माझा जीव मात्र जडला आहे तो क्रायस्लर टर्बाइनवर. १९६३-६४ मध्ये क्रायस्लर कंपनीने विमानासारखे टर्बाइन इंजिन असलेल्या पन्नास मोटारी लोकांना वापरून पाहण्यासाठी बनवल्या. त्याआधीच्या नमुन्याच्या पाच. एकूण पंचावन्न. निवडलेल्या दोनशेवर कुटुंबांना त्या पाळीपाळीने तीन-तीन महिने फुकट वापरायला दिल्या. डिझेल, रॉकेल, खाद्यतेल, काहीही चालत असे. प्रयोग संपल्यावर कंपनीने त्यातल्या शेहेचाळीस गाड्या जाळून, चेपून नष्ट केल्या. नऊ उरल्या. पण गाड्या रस्त्यावर होत्या त्याच काळात डेट्रॉईटच्या जो-हॅन या छोट्या कंपनीने तिचे किट काढले होते, अगदी इंजिनच्या बारीकसारीक भागांसह. खऱ्या गाडीचे पत्रे वितळून गेले, प्लॅस्टिकची प्रतिकृती मात्र घराघरांतल्या फळ्यांवर टिकली. जो-हॅनला अशा गाड्यांचेच प्रेम असावे. रॅम्बलर, स्टुडबेकर अशा मागे पडलेल्या घराण्यांच्या प्रतिकृती तिने चिकाटीने काढल्या. आता ती कंपनीही राहिली नाही.

पूर्व जर्मनीची ट्रॅबंट मात्र वेगळ्या जातीची नावडती. १९५७ ते १९९१ या काळात तीस लाखांच्या आसपास बनल्या. तिचे अंग पत्र्याचे नव्हते. कापसाचा टाकाऊ भाग राळेत दाबून केलेल्या तक्त्यांचे होते. आमच्या इथल्या एका जिनिंगवाल्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं मोटारी झाडून बाहेर फेकल्या की!" ट्रॅबंटसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. मग ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत उघडली, पलीकडच्या गाड्या दिसल्या, आणि पुढे हीच ट्रॅबंट माणसे रस्त्याकडेला सोडून जाऊ लागली. तिचे किट जर्मनीच्या रेव्हेल कंपनीने काढले आहे आणि ते जोडायला सोपे आहे. मूळ गाडीतच भाग कमी.

हे आपल्याला कळायला जड जाऊ नये. आपल्याकडेही तेच झाले. परवाना-राज्यात गाड्या तीन: अँबॅसेडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. जिथे निवडच नाही तिथे आवड-नावड कशी ठरायची? तरी ती ठरली. सरकारी साहेब अँबॅसेडरमध्ये बसले, मुंबईने फियाट उचलली आणि स्टँडर्ड हेरल्ड डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशा 'जरा वेगळ्या' माणसांच्या दारात राहिली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती गेली आणि या सगळ्याच एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या. फियाटची पद्मिनी झाली होती, ती कुर्ल्याच्या कारखान्यात २००० सालापर्यंत बनत राहिली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत टिकली. तिच्या निरोपाला छायाचित्रकार जमले, लेख आले. हेरल्डला असा निरोप कुणी दिल्याचे मला आठवत नाही.

आणि ज्या कधी नीट रुजल्याच नाहीत त्यांचे काय? बंगळूरची 'बादल' घ्या: सत्तरच्या दशकातली, तीन चाकांची, फायबरग्लासची. तिच्यामागून १९८२ च्या सुमारास आलेली 'डॉल्फिन' ही इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली, तीही फायबरची. कुटुंबांनी तिच्याकडे पाठ फिरवली, पण वजनाला हलकी म्हणून शर्यतीवाल्यांना ती आवडायची. १९८५ ची स्टँडर्ड २००० बाहेरून थेट रोव्हर. त्या रोव्हरला १९७७ मध्ये युरोपातली सर्वोत्तम मोटार म्हणून गौरवलेले. आत मात्र जुन्या व्हॅनगार्डच्या वळणाचे इंजिन. रेशमी अंगरख्याखाली फाटकी बंडी, ते लोकांच्या तीन वर्षांत लक्षात आले. आणि आपल्या इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी! या माणसाने सामान्य माणसाला परवडावी म्हणून 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवली, तिचे एकामागून एक नमुने रस्त्यावर चालवून दाखवले, पण ती उत्पादनापर्यंत पोचलीच नाही. मीराला नावडती म्हणणे हा अन्याय आहे. तिला कुणी नाकारायला आधी ती विकत तरी मिळायला हवी होती.

यातल्या एकाही गाडीचे किट मला आजवर कुठे दिसलेले नाही. अँबॅसेडरची खेळणी आपल्याकडे पुष्कळ निघाली. बाकीच्यांची उपेक्षा. एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. साठच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यात 'निकी टॉइज' नावाने छोट्या ओतीव मोटारी निघू लागल्या. इंग्लंडच्या प्रसिद्ध डिंकी टॉइजच्या निवृत्त झालेल्या डाय इकडे आणून त्यांवर हा माल काढला जाई. मूळ डिंकीपेक्षा काम ओबडधोबड, रंग जाड, पण त्यात स्टँडर्ड कंपनीच्या छोट्या मिनीबसलाही जागा मिळाली होती. आपल्याच रस्त्यावरची, फारशी कुणाच्या लक्षात न राहिलेली गाडी, इंग्रजांनी टाकून दिलेल्या साच्यातून! ही खेळणी आता परदेशी संग्राहक शोधत असतात, त्यामुळे ती माझ्या व्याख्येत बसत नाहीत आणि माझ्या पेन्शनमध्येही बसत नाहीत.

बाहेरून किट मागवणेही सोपे राहिले नाही. २०२० साली खेळण्यांवरची आयात जकात वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाली, २०२३ मध्ये सत्तर. जकातीच्या पुस्तकात अशा छोट्या प्रतिकृती खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. देशी खेळणी उद्योगाचे भले व्हावे हे मला मान्य आहे. पण स्टँडर्ड हेरल्डची किट्स काढून देशी उद्योगाने माझे तोंड बंद करावे, मग मी एक अक्षर बोलणार नाही.

तर मग आपल्या नावडत्या गाड्या मिळवायच्या कशा? परक्या किटमधून कोरून काढायच्या. यात थोडी शस्त्रक्रिया आहे, आणि त्यातल्या एका प्रकरणाबद्दल सविस्तर लिहितो.

माझे एक शिक्षक मित्र आहेत, मूळचे अंबडचे. त्यांचे वडील तालुक्यात डॉक्टर होते. त्यांनी १९७६ मध्ये स्टँडर्ड गॅझेल घेतली. तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. गॅझेल म्हणजे हेरल्डचीच धाकटी बहीण, १९७२ ते १९७७ एवढाच तिचा काळ. डॉक्टर गेल्यावर काही वर्षांनी गाडी भंगारात निघाली. मित्राच्या आईंनी चौऱ्याऐंशीव्या वर्षी अचानक 'आपली गाडी' काढली. त्यांना ती पुन्हा पाहायची होती. मित्र माझ्याकडे आला. "साहेब, फोटो एकच आहे. बहिणीच्या लग्नातला. त्यात निम्मी गाडी आहे आणि निम्मे मामा आहेत."

एअरफिक्सच्या ट्रायम्फ हेरल्डचे किट माझ्याकडे होते. पण इंग्लंडची हेरल्ड दोन दारांची. चार दारांची हेरल्ड जगात फक्त मद्रासला बनली. तेव्हा आधी दोन्ही दारे भरून घ्यायची, मग मधला खांब पुढे सरकवून चार दारांच्या रेषा कोरायच्या. एक वाकडी रेघ म्हणजे आठवड्याचे काम पाण्यात. गॅझेलचे तोंड आणि डिकीही निराळी, तिथे एम-सील लावून, वाळवून, घासून आकार आणला. मामांच्या मागे काय दडले आहे ते शेवटी एका जुन्या मेकॅनिकने कागदावर काढून दिले. डोळे मिटून काढले असावे इतक्या सहज.

अडले ते रंगावर. मित्र म्हणे निळी. पुण्याची बहीण म्हणे निळीच, फिकट. आई म्हणत होत्या दुधी. फोटो काळा-पांढरा. भावंडांचे फोनवर दोनदा वाजले. आईंची स्मृती आता भरवशाची नाही असे मुले दबक्या आवाजात बोलू लागली, आणि मोटारीचा रंग हा विषय तेवढ्यापुरता राहिला नाही. औषधाच्या वेळा, चाव्या, बँकेतली सही, सगळेच संशयात आले.

मी म्हटले, आर.सी. बुक शोधा. कर्जाच्या गाडीचे आर.सी. बुक मी आयुष्यभर हाताळले आहे. त्यात बँकेच्या बोज्याच्या नोंदीबरोबर इतर बऱ्याच गोष्टी असतात. जुन्या पेटीत ते सापडले. रंगाच्या रकान्यात शाईने लिहिलेले होते: निळा. मुले काही बोलली नाहीत, पण त्यांची नजर बोलली. मी पुस्तक आईंसमोर धरले. त्यांनी चष्मा लावला, वाचले आणि म्हणाल्या, "कागदावर निळीच असणार, भाऊ. आणली तेव्हा निळीच होती. रात्रीची व्हिजिट असायची, वस्त्यांवर लाईट नव्हते. अंधारात गाडी दिसत नाही म्हणून लोक बांधावर कंदील घेऊन हिंडायचे. मग डॉक्टरांनी दुधी करून घेतली. हे दोघं तेव्हा औरंगाबादला शिकायला होते. ह्यांना काय माहीत?"

आता यात एक कारागिरीची गोष्ट आहे. गावातल्या गॅरेजमध्ये गाडीला रंग बदलून मारतात तेव्हा बाहेरून मारतात. बॉनेटच्या आतल्या बाजूला मूळ रंग तसाच राहतो. हेरल्ड-गॅझेलचे बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट सगळेच्या सगळे पुढे उचलले जाते, म्हणजे आतला रंग चांगला हातभर दिसतो. मी प्रतिकृतीला आधी निळा दिला, वरून दुधी. बॉनेटला तारेची बिजागरी केली, आत निळा तसाच ठेवला. आईंनी गाडी हातात घेतली, बॉनेट उचलले, आत पाहिले, खाली केले. बराच वेळ फिरवून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "टायर फार कोरे आहेत."

खरेच होते. मी टायरना जालन्याची माती लावून दिली. भावंडांच्यात त्यानंतर आईच्या सह्यांचा विषय निघालेला नाही, एवढे मित्राने मला सांगितले.

ती खरी गॅझेल गेली कुठे, हे मला साधारण माहीत आहे. जालन्याच्या एम.आय.डी.सी.त भट्ट्या आहेत. गावोगावचे भंगार ट्रकांनी येते, वितळते आणि सळई होऊन बाहेर जाते. मराठवाड्यातल्या किती स्लॅबांमध्ये किती मोटारी आहेत कुणास ठाऊक. २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे केंद्राचे धोरण जाहीर झाले. धूर कमी व्हायला हवा, म्हाताऱ्या गाड्यांनी रस्ता सोडायला हवा, यात वाद नाही. पण मोड घालताना आवडती आणि नावडती यांत फरक पडतोच. आवडतीची एखादी तरी गाडी कुणी हौशी माणूस ताडपत्रीखाली जपतो. नावडतीला ताडपत्री नसते. तिची मापे, तिच्या दाराच्या मुठीचा आकार, डॅशबोर्डवरच्या बटणांचा क्रम, हे सगळे तिच्याबरोबर भट्टीत जाते, कारण कुणाला ते लिहून ठेवावेसे वाटलेले नसते. अँबॅसेडरचे मोजमाप मला शंभर ठिकाणी मिळते. बादलचे एका ठिकाणीही मिळालेले नाही.

सध्या माझ्या टेबलावर तीच आहे. म्हणजे तिची तीन चाके आहेत, बाकीचे अजून व्हायचे आहे. एअरफिक्सच्या बाँड बग या किटमधून ती साधेल असे आधी वाटले होते. तीही तीन चाकांची आणि तिचेही पुढचे चाक एकच. पण बग अगदी पाचरीसारखी टोकदार आहे, बादल बुटक्या कपाटासारखी. तेव्हा चाके तेवढी तिची घेतली आणि अंग जाड पुठ्ठ्याचे करायला घेतले आहे. लांबी अंदाजाने धरली आहे, पण काचेचा उतार आणि मागच्या दाराची रुंदी जमत नाही.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या वाड्यात, शेतातल्या आखाड्यावर किंवा मामांच्या गोठ्यामागे अशी तीन चाकांची फायबरची मोटार कोंबड्या बसवून उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी अर्धा तास काढा. शिंप्याची टेप चालेल. पुढच्या काचेची खालची आणि वरची रुंदी, दाराची उंची, आणि जमिनीपासून दिव्यापर्यंतचे अंतर, एवढे कागदावर उतरवून ठेवा. आणि जमल्यास बॉनेटच्या आतला रंग पाहून घ्या.